आतड्यातल्या बंडाची आणि खोट्या चाराची बखर

श्री. जो भूक देतो आणि खाल्लेले पचवूनही घेतो त्यास आधी दंडवत. हे लिहिणारच नव्हतो. लिहावे तर मित्राची लाज चव्हाट्यावर येते आणि न लिहावे तर माझी चूक झाकली जाते, ऐसे तीन आठवडे चालले, टाइप करावे आणि पुसावे; अखेर सुभानराव स्वतः बोलिले की लिही, पण स्वतःस सोडून लिहू नकोस, म्हणोन लिहितो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एक राज्य होते. त्याचे नाव चारचौघांत कोणी घेत नसे, कारण ते राज्य पोटात होते, म्हणजे मोठ्या आतड्यात, आणि त्याचे धनी सुभानराव, एसटीचे चालक, वय एकतीस, शाळेपासून आमचे मित्र. त्या राज्यात बंड जाहले. बाहेरचा शत्रू कोणी नाही. जी फौज जंतूंपासून रक्षणास ठेविली होती तीच आपल्या तटावर तोफा डागू लागली, आणि तटास जखमा जाहल्या, आणि रक्त जाऊ लागले, आणि धनी दिवसातून दहा-दहा, बारा-बारा वेळा धावू लागले. मागे पन्नास माणसे बसलेली आणि पोटात कळ, मग धन्यांनी धाब्यापाशी गाडी उभी करावी आणि टायर बघतो म्हणोन उतरावे. कंडक्टर म्हणे, "सुभ्या, तुझे टायर लई नाजूक रे." गाडी हसे. धनीही हसत आणि रुमालाने कपाळ पुसत.

मग उपाय जाहले. आत्याबाईंनी बेलाचा मुरंबा धाडिला, मेव्हण्यांनी ताक सांगितले, कोणी ताकच बंद सांगितले, आणि वजन अकरा किलो उतरले. मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात वैद्य उमाबाईंच्या दरबारी गेलो. मी मोबाइल दुरुस्तीवाला, बारावीत दोनदा आपटलेला, पण या दुखण्याचे इंग्रजी कागद शब्दकोश घेऊन वाचीत सुटलो होतो, म्हणोन धन्यांनी मजला संगे नेले. बाईंनी दुर्बीण घालून राज्य पाहिले आणि पहिली गोळी दिली, ती स्टिरॉइडची. तिने अवघ्या फौजेचीच हत्यारे काढून घेतली. बंड थांबले खरे, पण तोंड सुजले, झोप गेली, आणि गोळी कमी करताच बंड पुन्हा उभे राहिले. मग दुसरी मोहीम, सुईची. तोफा डागा म्हणोन हुकूम नेणारा जो जासूद, त्याचे हात त्या सुईने बांधिले, आणि दीड वर्ष सुखात गेले, आणि मग बंडवाल्यांनी दुसरे जासूद धरिले. तिसऱ्या मोहिमेत रक्तातून आतड्यात शिरण्याच्या वेशी बंद केल्या. फौज आधीच आत होती, गुण आला नाही. तेव्हा उमाबाई बोलिल्या की आता मोठे आतडे काढून पोटावर पिशवी लावणे हाच मार्ग उरतो, त्यानेही माणसे चांगली जगतात, गाड्याही चालवितात. पुढले वाक्य सुभानरावांच्या कानी शिरलेच नाही. ते पिशवीपाशीच थांबले होते.

मग बाईंनी नव्या निशाण्याची, म्हणजे औषधाने नेम कोठे धरावा त्याची, गोष्ट काढिली. ज्यांना कोणतेच औषध लागले नाही अशांच्या आतड्याचे तुकडे त्यांच्या लोकांनी तपासिले, आणि नवल दिसले की तटाची डागडुजी करणारे जे गवंडी, तेच फौजेस चिठ्ठ्या धाडून बोलावीत होते. मी विचारिले की गवंडीच फितूर, तर त्यांस मारायचे काय. बाई हसून म्हणाल्या, "मारले तर तट कोण बांधील? त्यांच्या कानात कोण काय सांगतो ते बंद करायचे." त्या कानावर बसणारी गोळी तयार होती, पण परीक्षेत होती. अर्ध्यांना खरी मिळे, अर्ध्यांना नुसत्या पिठाची, आणि कोणास कोणती हे बाईंसही ठाऊक नसे. दोनच जागा उरल्या होत्या. अट एक. चौदा दिवस रोजनिशी लिहायची, दिवसात किती वेळा जावे लागले आणि रक्त किती गेले.

आणि येथे घात जाहला. धनी गाडीवर, म्हणोन संध्याकाळी त्यांनी फोन करावा आणि मी वहीत लिहावे ऐसे ठरले. पहिल्याच दिवशी धनी बोलिले, "चार लिही." मी खरे किती ते विचारिले. म्हणाले, ती वही बाईमाणूस वाचणार, आणि कागद फिरत डेपोत गेला तर स्टेअरिंग जाईल, तू चार लिही. आणि मी लिहिले. आमच्याकडची रीतच ऐसी की डॉक्टरकडे जाताना इस्त्रीचा शर्ट घालावा आणि कसे आहे म्हटल्यावर बरे आहे म्हणावे. मजला वाटले, वही चांगली दिसली तर बाई खूश होऊन जागा देतील. इतके कागद वाचले आणि हे कळले नाही. चौदा दिवस चार, तीन, चार, रक्त नाही.

पंधराव्या दिवशी बाईंनी वही पाहिली, पुन्हा पाहिली, आणि बोलिल्या की तुमच्या राज्यात शांतता दिसते, ही परीक्षा बंड पेटलेल्यांसाठी आहे, आपणास घेता येत नाही. सुभानराव बरे म्हणोन उठले. नमस्कार केला. बाहेर येताच कॉरिडॉरच्या टोकाच्या शौचालयात शिरले, त्या सकाळची ती सहावी खेप. मी दाराबाहेर उभा. आतून नळाचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता, आणि मजला उभे राहवेना. मी परत फिरलो आणि बाईंस म्हणालो, "मॅडम, वही खोटी आहे. मी लिहिली." बाईंनी पेन खाली ठेविले. रागावल्या नाहीत, तेच जड गेले. म्हणाल्या, "त्यांचा चार लिहून तुम्ही त्यांची लाज राखली. पण त्यांना परीक्षेत घेतले असते आणि हाच चार चालू राहिला असता, तर भलताच निशाणा मी बरोबर समजले असते, आणि ती गोळी पुढे हजारांच्या पोटात गेली असती." मग बोलिल्या की खोडलेली वही चालत नाही, चौदा दिवस नव्याने लिहा, जागा आता एकच आहे आणि ती कोणासाठी धरून ठेवणार नाही.

सुभानरावांस कळले तेव्हा ते मजशी बोलेनात. चार दिवस फोन नाही. मी फोन करावा, त्यांनी कापावा, मी दुकानात हातातला स्क्रू चारदा पाडावा. पाचव्या दिवशी दुपारी गाडी डेपोस लावून स्वतः आले, काउंटरवर कोपर टेकविले, गिऱ्हाईक उभे असताना, आणि म्हणाले, "तेरा. रक्त आहे. लिही." गिऱ्हाइकाने कव्हर घेतले आणि गेले. मग कळले की सकाळी डेपोच्या साहेबांसही स्वतःच सांगितले, आणि साहेबांनी स्टेअरिंग काढिले नाही, जवळची फेरी दिली आणि स्वतःच्या मूळव्याधीची कथा अर्धा तास ऐकविली. मग चौदा दिवस. तेरा, अकरा, बारा. रोज वाटे आज जागा गेली. कोणी तरी आला असेल, कोणी तरी खरे लिहिणारा. बाराव्या दिवशी मी दवाखान्यात फोन लाविला आणि उचलण्याआधीच ठेविला. पंधराव्या दिवशी गेलो. जागा होती.

तात्पर्य इतकेच की बंड अद्याप मोडले नाही, गोळी सुरू होऊन नऊ दिवस जाहले, आणि ती खरी की पिठाची हे कोणास ठाऊक नाही. काल सुभानराव दुकानात बसले होते. बोलिले, "पिठाची निघाली तर?" मी म्हणालो की मग गुण आला नाही तेही बाईंस कळलेच पाहिजे, त्याशिवाय निशाणा बरोबर की चूक कसे ठरेल. ते म्हणाले, "माझे तोंड बघून तू कमी लिहिशील, गड्या. तुझा भरवसा नाही." तेव्हा मी त्यांस वचन दिले ते येथे लिहितो, पुसणार नाही: सुभ्या, वीस असले तर वीस लिहीन, एक असले तर एक, आणि तू फोन केला नाहीस तर तुझ्या दारात येऊन विचारीन.