लाल दिवा आणि ऑफिसचा स्वेटर

रेकॉर्डकाकांनी ठरवलं, आज घरातली हवा स्वच्छ करायचीच. ठरवण्यात तसं वाईट काही नव्हतं. पण काकांनी एकदा काही ठरवलं की ते स्वतः खाली बसत नाहीत आणि दुसऱ्यालाही बसू देत नाहीत.

कारणही तसंच होतं. लेक दीड महिन्याच्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार होती. जावई प्रयोगशाळेतला, शब्दाला पक्का. हवा मोजायचं मुठीएवढं यंत्र सकाळीच काकांच्या हातात ठेवून गेला. "बाबा, पाचला येतो. दिवा हिरवा असला तर दोघं इथे. लाल असला तर माझ्या आईकडे."

नातवाला काकांनी अजून धड मांडीवरही घेतलं नव्हतं! त्यांनी कचेरीत फोन करून रजा टाकली, यंत्र घेतलं आणि निघाले स्वयंपाकघराकडे. (अंगातला ऑफिसचा स्वेटर काढायलाही सवड नव्हती.) दिवा लाल.

"अगं, तुझी फोडणी!"

"अहो, गॅस पेटवलाय कुठे अजून?"

काकांनी बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद केला. खिडक्या सताड उघडल्या. डासांची कॉइल, सुगंधी मेणबत्ती, रूम फ्रेशनर, फिनेल, सगळं गॅलरीत गेलं. लाल! सतरंजी झटकली (घरातच), तर तिघं शेजारी शिंकले. लाल! शेवटी नव्या पॉलिशचं कपाट ढकलत ढकलत जिन्यात नेलं.

"अहो, लोकांनी जायचं कुठून?"

"बाळ जिन्यात झोपणार आहे का? मग झालं तर!"

तरी लाल. पावणेपाचला काका रिकाम्या फरशीवर मटकन बसले. "गेला गं आपला महिना," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच रडू आलं.

काकूंनी यंत्र त्यांच्या हातातून काढून आतल्या खोलीत फळीवर ठेवलं. पाच मिनिटांत दिवा हिरवा! काका आनंदाने धावत गेले. लाल. काकूंनी त्यांना बाहेर ढकललं. हिरवा.

दारात उभा राहून जावई हे बघत होता. "बाबा, खिशात काय आहे?"

स्वेटरच्या दोन खिशांतून एकोणीस डांबरगोळ्या निघाल्या. जुन्या फायलींना कसर लागू नये म्हणून काका तीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये प्रत्येक गठ्ठ्यात एक गोळी ठेवत आले होते. खिसा कायम भरलेला. त्यांच्या नाकाने तो वास घेणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"अगं, तुला तरी यायचा ना वास?"

"यायचा की! लग्नापासून येतोय. मला वाटलं, तुमचाच आहे."

स्वेटर कचऱ्यात गेला. काकांनी दोनदा साबण लावून आंघोळ केली आणि यंत्रासमोर छाती पुढे काढून उभे राहिले. दिवा जरासा घुटमळला आणि लाल झाला.

"घर एकदम उत्तम आहे," जावई म्हणाला. "बाळ इथेच राहील."

"आणि मी?"

"माझ्या आईकडे."

काकांनी वळून बघितलं. काकू त्यांची बॅग भरायला लागल्याही होत्या.