मोदूची विचारपूस

“हाजीसाहेब, तुम्ही घरी जाऊन निवांत चहा घ्या. सूर्य मावळतानाच्या मगरिबच्या अजानीआधी गाडी भरून डाकारच्या रस्त्याला लागलेली असेल,” यासीन फाय म्हणाली. ही पोरगी शंका घ्यायला शिकलीच नव्हती.

हाजी बिराम न्गोम हे आमच्या सेनेगलातल्या थिएस गावच्या आंब्याच्या गोदामाचे मालक. त्यांनी हौसेने परदेशी रोबो आणले होते. गुडघ्याएवढी उंची, खाली चाकं, डोक्यावर आंब्याची पेटी. आले तसे ते एकमेकांवरच आदळायला लागले. मग मामाच्या दुकानात फ्रिज दुरुस्त करणाऱ्या यासीनला बोलावलं. आज गाडी वेळेवर गेली तर रोबो राहणार, यासीनही राहणार. नाही तर रोबो परत आणि यासीन फ्रिजकडे.

रोबो का आदळतात ते तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ते एकमेकांना फक्त ‘बाजूला हो’ एवढंच सांगत. “असं बोलतं का कुणी? जनावरं आहेत का?” ती म्हणाली आणि तिने त्यांना आपली रीत शिकवली. समोर कुणी आलं की थांबायचं. तू कसा, तुझी बॅटरी कशी, चाकं कशी, वाटेत कोण कोण भेटलं, ते कसे आहेत, सगळं विचारायचं, उत्तर ऐकायचं, मग पुढे जायचं. अशी एकाची खबर सगळ्यांना लागायची आणि टक्कर होईना. कुणाचं उत्तरच आलं नाही, तर तो आजारी समजून त्याला बघायला जायचं. आता सांगा, यात चुकलं काय? आपण तरी दुसरं काय करतो?

त्या दुपारी मोदू नावाच्या रोबोच्या चाकात सुतळी अडकली. सोडवायची धडपड करता करता त्याची बॅटरी संपली आणि तो थंड पडला. रोबोंना नावं गोदामातल्या बायांनी दिली होती, तसा हा मोदू. शेजारून जाणाऱ्याने विचारलं, कसा आहेस? उत्तर नाही. तो तिथेच थांबला. त्याच्याकडून दुसऱ्याला कळलं, दुसऱ्याकडून तिसऱ्याला. बघता बघता गोदामातले झाडून सगळे रोबो डोक्यावर पेट्या घेऊन मोदूभोवती येऊन उभे राहिले.

“ए भातखाऊ!” पेट्या भरणाऱ्या बायांची मुकादम जेनाबा ली ओरडली. “तुझी माणसं मयताला बसलीत बघ!”

फाय आणि ली या आडनावांचं आमच्याकडे पिढीजात थट्टेचं नातं; समोरासमोर आले की एकमेकांना टोमणे मारणारच. त्यात राग धरायची सोय नाही.

“तुम्ही ली लोक जेवायच्या वेळी बरोबर मयताला पोचता, तसे नाहीत ते,” यासीन म्हणाली. “आत्ता पांगवते.”

तिने फोनवरून सगळ्यांना कामाला जायचा हुकूम सोडला. रोबो शहाण्यासारखे निघाले. दाराशी दोघांची गाठ पडली. दोघे थांबले. मोदू कसा आहे? काही कळलं नाही बुवा. झालं! दोघेही माघारी वळले आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे.

बाहेर ट्रकवाला हॉर्न बडवत होता. तेवढ्यात हाजीसाहेब तणतणत आत शिरले. पण माणूस खानदानी. दाराशी बसलेल्या बाईला टाळून पुढे कसं जाणार? तिची तब्येत विचारली, नवऱ्याची विचारली, लेकरांची विचारली. मग पुढची बाई, मग तिच्या पुढची. यासीनपर्यंत पोचेतो त्यांना आपण कशासाठी चिडलो होतो तेच आठवेना.

तेवढा वेळ यासीनला पुरला. बोलता न येणाऱ्या आजाऱ्याच्या वतीने घरातलं कुणीतरी बोलतंच की! तिने मोदूच्या नावाने फोनवरून निरोप धाडला: ‘मी बरा आहे, देवाची कृपा.’ सगळ्यांनी तो एकमेकांना सांगितला आणि सगळे मुकाट्याने कामाला लागले. गाडी भरली. पण ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा अजान होऊन गेली होती.

“उद्याचा एकच दिवस देतो,” हाजीसाहेब म्हणाले. “आणि मला अंधारात ठेवायचं नाही. माझा फोनही यांच्यात जोड. इथे काय चाललंय ते मला घरबसल्या कळलं पाहिजे.”

“आत्ता जोडते. आणि आजाऱ्याकडे यापुढे एकच जण जाईल, बाकीचे काम करतील. उद्या बघाच तुम्ही!”

दुसऱ्या दिवशी खरंच कुठे खोट नव्हती. रोबो धावत होते, विचारपूस करत होते, पेट्या चढत होत्या. यासीन खुशीत ट्रकवाल्याला सल्ले द्यायला बाहेर गेली. परत येऊन बघते तो गोदामात एकही रोबो नाही.

“गेले,” जेनाबा म्हणाली. “मागच्या दाराने. रांगेत.”

मागचं दार हाजीसाहेबांच्या अंगणात उघडतं. यासीन तिकडे धावली. हाजीसाहेबांना सकाळपासून सर्दीताप होता. फोन बंद करून ते अंगणात आंब्याखाली चटईवर पडले होते. रोबोंनी फोनला विचारलं, कसे आहात? उत्तर नाही. आणि यासीनने त्यांचं नाव घातलं होतं वडीलधारी म्हणून. वडीलधाऱ्यांना बघायला एकट्याला पाठवणं तिला कसंतरीच वाटलं होतं, म्हणून एकानेच जायचा नियम तिने त्यांना लावलाच नव्हता.

ती धापा टाकत पोचली, मागे जेनाबा आणि सगळ्या बाया. रोबो चटईभोवती उभे होते. पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजत होता.

“हाजीसाहेब, माझंच चुकलं. जाते मी मामाकडे,” यासीन म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला आम्ही कधी ऐकला नव्हता.

हाजीसाहेब उठून बसले. त्यांनी नाक पुसलं, डोळेही पुसले.

“मागच्या वर्षी माझं ऑपरेशन झालं,” ते म्हणाले. “तेव्हा या गोदामातून कोण आलं होतं गं मला बघायला?”

जेनाबा जमिनीकडे बघायला लागली. बाकीच्या तिच्या पाठीमागे सरकल्या.

“गाडी उद्या जाईल. तू कुठे जायचं नाहीस, आणि हेही जायचे नाहीत.” हाजीसाहेबांनी समोरच्या रोबोच्या डोक्यावरच्या पेटीतून एक आंबा उचलला आणि हुंगला. “बघा, शिका काहीतरी. एकजणही रिकाम्या हाताने आलेला नाही!”