नाक आजोबांचं, हनुवटी आजींची

या चित्रातून चित्रकाराला काय मिळायचं होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं : एक खोली. फर्निचरवाल्या आजोबांच्या दुकानाच्या माडीवर उत्तरेकडे खिडकी असलेली एक खोली सात वर्षं कुलपात होती. नातीचं चित्र मनासारखं उतरलं की किल्ली चित्रकाराच्या हातात, असा सौदा ठरला होता. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, म्हणून चित्रकार मंडळी त्याच्यावर जीव टाकतात. या चित्रकाराची बायको मात्र वेगळ्याच कारणाने त्या खोलीवर जीव टाकून होती. नवरा लग्नापासून स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून चित्रं काढायचा, आणि घरातल्या चहाला टर्पेंटाइनचा वास यायचा.

"या वेळी तोंड उघडायचं नाही," तिने बजावलं. "मागे त्या डॉक्टरीणबाईंना म्हणालात, तुमच्या मुलाचे कान असेच आहेत. ते चित्र अजून आपल्याच माळ्यावर पडलंय. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा."

"आणि खोली उत्तरेची," असं म्हणून चित्रकार कामाला गेला.

नात पाच वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते उगीच नव्हे. उतू जाणारं दूध जेवढा वेळ थांबेल, तेवढाच वेळ ती स्टुलावर थांबायची. तरीही थोडं तिच्याकडे, थोडं फोटोकडे बघत त्याने ती जशीच्या तशी उतरवली. बसकं नाक, गोल हनुवटी, फुगरे गाल. इथेच त्याने सही करून हात धुवायला हवे होते. पण तैलरंगाचा गुण असा, की तो लवकर वाळत नाही. आणि दोष असा, की तोवर प्रत्येकाचं ऐकता येतं.

पहिल्या आल्या आजी. चहाचा कप ठेवला आणि आवाज खाली आणला. "कोणाला बोलू नका हं. हनुवटी फार गोल झालीय. आमच्या माहेरची हनुवटी टोकदार. पोरीला येईलच पुढे, तुम्ही आत्ताच काढून ठेवा."

चित्रकाराने हनुवटीला टोक काढलं.

संध्याकाळी आजोबा मोजपट्टी घेऊन आले. टेबल मोजावं तसं त्यांनी चित्रातलं नाक मोजलं. "आखूड पडलंय. आमच्या घराण्यात एवढ्याशा नाकाचं कोणी जन्मलेलं नाही. थोडं खाली ओढा. आणि हिला कळू देऊ नका, लगेच हनुवटीचं काढेल."

भिंगरीच्या बाबांनी कपाळ रुंद करून मागितलं, म्हणजे पोरगी हुशार दिसेल. आईने गाल उतरवून मागितले, "नाहीतर येणारेजाणारे म्हणतात, ही नुसती खायला घालते." चित्रकार सगळ्यांना 'बरं' म्हणाला. शेवटी खुद्द भिंगरी त्याचा शर्ट ओढायला लागली.

"मला रागावलेली काढा."

"का गं?"

"मी रागावले तर कोणी बघतच नाही. चित्राकडे तरी बघतील."

मागणी रास्त होती. त्याने चित्रातली डावी भुवई वर चढवली.

रविवारी दुकानातच, कपाटांच्या मधोमध, चित्रावरची चादर ओढली. सगळे पुढे वाकले. मग भिंगरीच्या आईच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई! या तर वन्सं!"

वन्सं म्हणजे आजोबांची मुलगी. सात वर्षांपूर्वी तिने याच दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, "हे कपाट घेऊ नका, दार लागत नाही." गिऱ्हाइकादेखत आजोबा म्हणाले होते, "दुकानाचं दारही उघडंच आहे, चालती हो." ती त्याच दिवशी बॅग घेऊन दुसऱ्या गावी गेली. माडीवरची खोली तिची. त्यानंतर घरात तिचं नाव काढायची सोय उरली नाही, आणि कपाट काही खपलं नाही.

आता तीच समोर उभी होती. आजोबांचं नाक, आजींची हनुवटी, भावासारखं कपाळ, आणि जाताना चढवली होती तीच भुवई.

चित्रकाराला किल्ली डोळ्यांसमोरून उडून जाताना दिसली. "पुसतो, आत्ता पुसतो," म्हणत त्याने फडकं उचललं.

"हात लावाल तर खबरदार!" आजोबा गरजले. ते कोपऱ्यातल्या कपाटापाशी गेले, दार ढकललं. दार कुरकुरत पुन्हा उघडलं. "नाही लागत," ते चित्राला म्हणाले. "आजही नाही लागत, बाई."

आजींनी तोवर फोन लावलासुद्धा होता.

"पण ही मी नाहीच्चे!" भिंगरी ओरडली. नेहमीप्रमाणे कोणी ऐकलं नाही, तेव्हा तिची डावी भुवई टणकन वर गेली. चित्र आणि पोरगी पहिल्यांदाच जुळली.

आठवडाभरात आत्या बॅगांसकट हजर. चित्र बघून म्हणाली, "मी एवढी रागीट दिसते?"

"दिसतेस!" सगळे म्हणाले. त्या घरात कितीतरी वर्षांनी एकमत झालं.

आजोबांनी चित्रकाराला बाजूला घेतलं. "चित्र मनासारखं उतरलं, त्यात शब्दच नाही. पण खोली... आता तुम्हीच सांगा."

चित्रकाराला बायकोची ताकीद आठवली. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

आजोबा काही कोणाचं ठेवून घेणारे नव्हेत. दुसऱ्याच दिवशी हातगाडीवरून बक्षीस घरी पोचलं.

तेव्हा हिशेब असा : आजोबांना मुलगी मिळाली, आत्याला खोली, भिंगरीला रागवायला जोडीदार. चित्रकाराला कपाट मिळालं. ते स्वयंपाकघरातच मावलं, ओट्याशेजारी. रंग, ब्रश आणि टर्पेंटाइन आता त्यात नीट बंद करून ठेवलेले असतात. म्हणजे, दार लागलं असतं तर असते. चहा बायको पिते, वासासकट.