हातात नारळ, समोर ओहायो

चाळीत गुपित राखता येतं, फक्त डोकं वापरावं लागतं, असं अनुजाचं ठाम मत होतं. आणि डोकं तर तिच्याकडे होतंच! ओहायोतल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर ती करी रोडच्या चाळीतल्या खोलीत बसून सांभाळत होती. कंपनी आपल्याला अमेरिकेला न्यायचं म्हणते आहे, ही बातमी व्हिसा हातात पडेपर्यंत पोटात ठेवणं म्हणजे काय मोठंसं!

"आई, कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही."

"मी कित्याक सांगतंय?" लक्ष्मी म्हणाली.

आणि खरंच, तिने कुणाला सांगितलं नाही. समोरच्या राधाबाईंना फक्त एवढंच विचारलं, की अमेरिकेत सुके बांगडे नेऊ देतात का.

दुसऱ्या दिवशी चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फ्लेक्स लागला! 'चाळीची शान अनुजा अमेरिकेस रवाना. हार्दिक अभिनंदन!' खाली फोटो. दहावीच्या निकालाच्या वेळचा. दोन वेण्या, वर रिबिनी, आणि मुंडावळ्या बांधल्यासारखा घाबरलेला चेहरा.

रवाना होण्यात मात्र एक अडचण होती. तिकडे व्हिसाची फी एकाएकी अशी वाढली होती की कंपनीचे डोळे पांढरे झाले होते. वरचे साहेब दोन तट करून भांडत होते. एक तट म्हणे, फी भरा आणि मुलीला इकडे आणा. दुसरा म्हणे, त्यापेक्षा इकडच्या दोन खुर्च्या कमी करा आणि सगळं काम मुंबईला पाठवा. अनुजाचा साहेब ग्लेन याला त्याच संध्याकाळी आपलं मत कळवायचं होतं. त्या दोन खुर्च्यांपैकी एक खुद्द ग्लेनची होती, त्यामुळे बिचाऱ्याचा आवाज आठवडाभर उपाशी माणसासारखा येत होता.

आणि नेमकं त्याच दुपारी आईने तांदूळ निवडता निवडता खाली मान घालून विचारलं, "आज गाऱ्हाणा घालूया?"

गाऱ्हाणं घालायचे ते अप्पा, अनुजाचे वडील. देवासमोर नारळ ठेवून, सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं. मागे सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गिरणी बंद पडली तेव्हा अप्पांनी गाऱ्हाणं घातलं, आणि फ्रिज घेतला तेव्हाही. गेल्या वर्षी ते गेले, आणि त्यानंतर या घरात कुणी तो सूर लावला नव्हता. आईने तर देवासमोर तोंडच उघडलं नव्हतं.

"घालूया," अनुजा म्हणाली. "पण माझी मीटिंग सुरू व्हायच्या आधी. हळू आवाजात. आणि चारच माणसं!"

चार माणसं वेळेवर आली. त्यांच्या मागून उरलेला मजला आला; ग्लेनच्या खुर्चीचं भांडणही, आईने कुणाला न सांगताच, सगळ्यांना पाठ होतं. गाऱ्हाणं घालणारे मनूकाका तेवढे आले नाहीत. अप्पांबरोबर गिरणीत साच्यावर उभे राहिलेले हे मनूकाका शेवटी धोतराचा सोगा सावरत उगवले, तेव्हा लॅपटॉपवर ग्लेन उगवून पाच मिनिटं झाली होती. शेजारच्या चौकोनात वैभव होता. वैभव म्हणजे अनुजाचा टीममधला जोडीदार, राहणारा घोडपदेवचा, बोलणारा कमी.

लॅपटॉप टेबलावर आणि टेबलाच्या बरोबर वर देव्हारा. दुसरी जागाच नव्हती.

"काका, दहा मिनिटं थांबा ना," अनुजा कुजबुजली.

"देव थांबात गो, माझ्या दारातलो दूधवालो थांबाचो नाय," म्हणत मनूकाकांनी तिच्या ओंजळीत नारळ आणि विडा ठेवला. "आता गाऱ्हाणा संपापर्यंत ह्यो खाली ठेवचो नाय. अपशकुन!"

झालं! दोन्ही हात नारळाला. माईक चालू, कॅमेरा चालू, आणि ते बंद करायला तिसरा हात नाही!

"बा देवा म्हाराजा!" मनूकाकांनी साच्याच्या खडखडाटावर मात करणारा आवाज लावला. "ह्या लक्ष्मीचा चेडू अमेरिकेक निघाला हा. तेच्या वाटेत जो कोण सायब आडवो इलो असात, तेची मती फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मजला गरजला. ओहायोत ग्लेनच्या हातातली कॉफी शर्टावर सांडली.

"थांबा!" राधाबाई पुढे झाल्या. "चेडू थंय गेल्यावर लक्ष्मीन एकटीन काय करूचा? देवा, कामच हय मुंबईक पाठव!"

"व्हय म्हाराजा!"

"अगो, काय मागतंस?" मनूकाका उखडले. "काम हय इला तर थंयच्या माणसाचा जाता! आमची गिरणी गेली तेव्हा आमका कसा झाला? तसा कोणाचा करूचा नाय. देवा, ह्या बायेचा ऐको नको. त्या ग्लेन सायबाचीव नोकरी टिकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझं नाव का घेतलं?" ग्लेन दचकला. "अनुजा, हे लोक माझ्याविरुद्ध आंदोलन करतायत का?"

अनुजाने नारळ छातीशी धरला. खोटं बोलायला सुचेना. "नाही, ग्लेन. तुमची नोकरी टिकावी म्हणून प्रार्थना करतायत."

ग्लेन शर्ट पुसायचा थांबला. आठवडाभरात एवढं कुणी त्याच्या घरीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"एकाच नारळार तीन मागणी देव कशी भागवतलो?" राधाबाईंनी ठणकावलं. "काय ता एक ठरवा!"

आणि मग, गाऱ्हाण्यात कधीच न बोलणारी लक्ष्मी बोलली. देवाकडे बघत, अगदी हळू.

"देवा म्हाराजा, चेडू जाता ता बापाशीन जा म्हटल्यान म्हणान. आणि मी जा म्हणतंय ता तेंनी म्हटल्यानी म्हणान. आणि तेंनी म्हटल्यानी ता चाळीत फुशारकी मारूक! तेंका स्वतःक गावच्या एसटीत बसल्यार पनवेलाक घराची आठवण येय. तेव्हा, कोणाक जावचाच नसात, तर कोणाक धाडू नको रे म्हाराजा."

अनुजाला समोरचा पडदा धूसर दिसायला लागला, आणि डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. 'व्हय' म्हणावं असं प्रत्येकाला वाटत होतं, पण पहिलं म्हणणार कोण?

"व्हय म्हाराजा!"

आवाज लॅपटॉपमधून आला होता! वैभव खुर्चीत ताठ बसून, हात जोडून, डोळे मिटून! लहानपणापासूनची सवय. शब्द आपोआप निघून गेले. त्याने डोळे उघडले आणि त्याच्या कानांची टोकं लाल झाली.

"व्हय म्हाराजा!" आता मजल्याने असं काही म्हटलं, की खाली फ्लेक्स हलला असावा.

"वैभव," ग्लेन म्हणाला, "आता मला सगळं नीट सांग."

वैभवने सांगितलं. नारळापासून पनवेलपर्यंत. ग्लेन ऐकत राहिला आणि मग भिजलेला शर्ट झटकत म्हणाला, "कुणीच कुठे जायचं नाही, हा पर्याय आमच्याकडे कुणी मांडलाच नव्हता."

त्याने तो मांडला. अनुजाने मुंबईतूनच टीम चालवायची, ग्लेनने तिकडून. फी वाचते, दोन्ही खुर्च्या राहतात. वरचे साहेब पंधरवडाभर कुरकुरले आणि मग, दोन्ही तटांना आपणच जिंकल्यासारखं वाटून, हो म्हणाले. अनुजाने आईला सांगितलं तेव्हा आईने फक्त बांगडे तळायला घेतले.

पण गाऱ्हाणं त्या दिवशी तिथे संपलं नव्हतं. अनुजा नारळ ठेवायला वाकली, तेवढ्यात मनूकाकांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. "हो झिल कोणाचो? घोडपदेवचो? आवाज खणखणीत हा!" आणि लगेच देवाकडे वळून, "तर म्हाराजा, ह्या चेडवाचा लगीनय जुळव!"

तेव्हापासून दर सोमवारी मीटिंगच्या शेवटी ग्लेन न चुकता विचारतो, "त्या शेवटच्या मागणीचं कुठवर आलं?" आणि दर सोमवारी नेमका त्याच क्षणी वैभवचा माईक बिघडतो. गेल्या सोमवारी मात्र तो बिघडला नाही. "काम चालू आहे," असं कुणीतरी म्हटलेलं सगळ्या टीमने ऐकलं.

गुपित राखायचं म्हणून अनुजाने हे अजून आईलाही सांगितलेलं नाही. पण मनूकाका फ्लेक्स काही उतरवू देत नाहीत. म्हणतात, अभिनंदन तर तेच, फोटोय चालतलो. फक्त बाजूक आणखी एका फोटोपुरती जागा करूक व्हयी.