पेडण्याच्या शिवेतले आकाश

माणसाला उडता येऊ लागले की उडण्याचे कौतुक संपते आणि तो चार्जरची जागा शोधू लागतो. विमानात इंटरनेट पुरवण्याच्या सर्व योजना याच पायावर उभ्या आहेत. बहुतेक रखडतात. समुद्रवारा एअरवेजची, गोव्यातल्या मोप विमानतळावरून दिल्लीला जाणाऱ्या विमानातली योजना मात्र पूर्ण यशस्वी झाली. ती कशामुळे, याची नोंद व्हायला हवी.

तज्ज्ञांच्या मते यशाला तीन गोष्टी लागतात: विमानावर अँटेना, जमिनीवर मनोरे आणि विमानात संयमी प्रवासी. कंपनीने अँटेना बसवला. मनोरे मोप ज्यात येते त्या पेडणे तालुक्यात उभारले. एक चोपड्याला, एक मोरजीला (कासवांच्या विणीच्या काळात दिवा न लावण्याच्या अटीवर), बाकीचे आतल्या गावांत. तालुक्याबाहेरचे, म्हणजे थेट दिल्लीपर्यंतचे मनोरे दुसऱ्या टप्प्यात घेण्याचे ठरले. संयमी प्रवासी कोणत्याच टप्प्यात उपलब्ध नव्हते.

योजनेची जबाबदारी साखळीचे सगुण गावस यांच्यावर होती. ती फसली तर त्यांची बदली दिल्लीच्या मुख्यालयात होणार होती, आणि चवथ दोन महिन्यांवर आली होती. गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधणारे घरात ते एकटेच. हे कारण मुख्यालयाला कळवले असता, माटोळी बाहेरून मागवता येईल का, अशी विचारणा झाली होती.

त्यामुळे सगुण यांनी कसलीही कसूर ठेवली नाही. नवे काम ग्रामदेवाच्या कानावर घालावे लागते. मानकरी कृष्णनाथ यांनी विमानाच्या पुढच्या चाकाशी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, ह्या इमानात नेट घातला हा. तेची तेरेखोलच्या न्हंयपासून शापोऱ्याच्या न्हंयपर्यंत राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ग्रामस्थ, वैमानिक आणि कंपनीचे विपणनप्रमुख एका सुरात म्हणाले.

विमान उडाले. नेट उत्तम चालले. तालुक्याच्या शिवेवरची तेरेखोल नदी ओलांडताच ते गेले.

डिचोलीच्या विनोदिनीबाई भाचीच्या लग्नासाठी दिल्लीला निघाल्या होत्या आणि वाटेत तिची हळद फोनवर बघत होत्या. हळदीचा हात गालापाशी आला आणि भाची तशीच थिजली. बाईंनी हवाईसुंदरीला हाक मारली.

"गे बाय, इमान जरा फाटी घे बघू."

"मावशी, विमान असं मागे घेता येत नाही."

"कित्याक? आमचो बसवालो घेता मगे!"

या मुद्द्याला सर्व रांगांतून पाठिंबा मिळाला. (बिझनेस क्लासने तो इंग्रजीतून दिला.) वैमानिकाने विमान वळवले. नदी ओलांडताच नेट आले, भाचीच्या गालाला हळद लागली आणि प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. विमानातच बसलेल्या सगुण यांनी ताबडतोब कृष्णनाथांना फोन लावला.

"काका, गाऱ्हाण्यात दिल्लीपर्यंत म्हणायचं होतं हो!"

"दिल्लीच्या देवाची नि माझी वळख नाय रे बाबा. आमचो देव आमच्या शिवेपर्यंत."

"मग मी आता काय करू?"

"शिवेच्या भायर जाव नको."

मनोऱ्यांच्या नकाशाशी ताडून पाहता हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष निघाला. विमान पेडण्यावर घिरट्या घालत राहिले आणि इंधन कमी होताच मोपला उतरले. दिल्ली राहिली, हे काही प्रवाशांच्या सामान घेताना लक्षात आले. विमानातून टाकलेल्या फोटोंना किती लाइक आले हे बघून झाल्यावर त्यांनी त्याबद्दल बोलायचे ठरवले, आणि मग ते राहून गेले.

दुसऱ्या दिवशी लग्न होते. विनोदिनीबाई पुन्हा त्याच विमानात बसल्या. मोरजीवर मंगलाष्टके लागली, बाईंनी फोनवर अक्षता टाकल्या आणि मागच्या रांगेतल्या अनोळखी मंडळींनीही टाकल्या. जेवण तेवढे चुकले.

महिन्याच्या अहवालात नेट अखंड चालण्याचे प्रमाण शंभर टक्के आले. विमान इच्छित स्थळी पोहोचण्याचे प्रमाण शून्य आल्याने तो रकाना काढून टाकण्यात आला. इतर कंपन्या पाहणीसाठी येऊन गेल्या. प्रवाशांची एकच तक्रार आली: चोपड्यावरून वळताना व्हिडिओ किंचित अडखळतो.

एवढे यश पाहून मुख्यालयाने सगुण यांना बढती दिली आणि दिल्लीला बोलावले. हुकमात अट होती की रुजू होण्यासाठी कंपनीच्याच विमानाने यावे. सगुण हुकूम पाळणारे गृहस्थ. ते रोज सकाळी बॅग घेऊन दिल्लीला निघतात, पेडण्यावरून मुख्यालयाच्या बैठकीला व्हिडिओवर हजेरी लावतात आणि संध्याकाळी साखळीला घरी असतात. यंदा माटोळी त्यांनीच बांधली.

विमान दिल्लीला कधी जाणार, असे आजवर एकाही प्रवाशाने कंपनीला विचारलेले नाही. यावर वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त हसण्यापूर्वी, हा वृत्तान्त वाचताना आपल्या मनात दिल्लीचा प्रश्न आधी आला की नेटच्या स्पीडचा, हे स्वतःशी ठरवावे.

(स्पीड चांगला आहे.)