धूर तपासणाऱ्या बिराजदार बाई

बिराजदार बाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरताना चपला बाहेर काढायच्या, पदर सारखा करायच्या आणि पिशवीतून तराजू काढून घरातलं सरपण तोलायला बसायच्या. घरची बाई बघतच राहायची. आपल्या गोवऱ्या कोणी तोलील असं तिला आयुष्यात वाटलेलं नसायचं.

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेरी होती, पण खुर्च्या अजून उस्मानाबादहून यायच्या होत्या. पाऊस तर कुठूनच यायचा नव्हता. दुसरं वर्षही कोरडंच चाललं होतं. अशात बिनधुराच्या चुलींची योजना आली. एका कारखानदाराने नवी चूल काढली होती आणि निलंग्याकडच्या एका गावात ती नमुन्यादाखल घरोघर बसवलीही होती. पण योजना पुढं न्यायची तर चूल आधी तपासायला हवी, आणि तपासणारा माणूस कारखान्याचाही नको, आमच्या खात्याचाही नको, असा नियम होता.

कोणाशीच संबंध नसलेला माणूस शोधता शोधता साहेबांना उदगीरच्या मुलींच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या बिराजदार बाई सापडल्या. बाईंचा खरोखरच कोणाशी संबंध नव्हता. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, भाऊ बीदरला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. नोंदी लिहायला मला त्यांच्याबरोबर दिलं. मी नवा कारकून होतो.

कारखानदाराने कचेरीच्या आवारात चूल पेटवून दाखवली. चुलीला हार घातला होता. धुराचा पत्ता नव्हता आणि साहेब खूष होते.

"लाकडं कुठली म्हनायची ही?" बाईंनी विचारलं.

"डेपोची. वाळलेली बाभूळ."

"गावात डेपो हाय का?"

कारखानदार हसला. बाई हसल्या नाहीत. "गावात तुराट्या हायेत, पऱ्हाट्या हायेत, गोवऱ्या हायेत. चूल त्याच्यावर बघावी लागंल. लिही, सोनवणे."

सोनवणे म्हणजे मी.

तपासणीची त्यांची रीत ठरलेली होती. चुलीसमोर बसलेल्या बाईचं तोंड जिथं येतं, तिथं दोरीला मांजरपाटाचा पांढरा तुकडा टांगायचा. पातेल्यात पाणी मोजून घालायचं. गावात लोक टँकरची वाट बघत असायचे, म्हणून हे पाणीही त्या लातूरहून कॅनमधून न्यायच्या. मग पाणी उकळेपर्यंत घड्याळ बघत बसायचं. शेवटी तुकडा उतरवून उजेडात धरायचा. पांढरा राहिला तर "हाय". काळा पडला तर "इल्ला", म्हणजे नाही. नापासाचा निकाल तेवढा कानडीत का लागायचा, ते मला कधी कळलं नाही.

चहा घ्यायच्या नाहीत. "चहा घेतला की डोळे नरम पडतेत." उकळलेलं पाणी मात्र त्या घरातच ठेवायच्या. मी एकदा कॅन पुढं केला, तर म्हणाल्या, "तपासनीचं पानी परत नेता येत न्हाई." असा नियम मी कुठं वाचला नव्हता.

त्या गावात घरामागून घर 'इल्ला' निघालं. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं वळण अरुंद होतं. तुराट्यांच्या काजळीनं ते महिनाभरात तुंबायचं आणि धूर आतच फिरायचा. शिवाय नवी चूल बसवताना जुनी फोडून टाकायची अशी कारखान्याची अट होती, त्यामुळं बायकांना माघारी फिरायलाही जागा नव्हती. काशीबाई नावाच्या म्हातारीची सून डोळे पुसत भाकरी थापायची. "पहिली चूल बरी व्हती की ओ बाई," ती म्हणाली. बाईंनी तुकडा उतरवून उजेडात धरला. तपासणाऱ्यानं बोलायचं नसतं, हाही त्यांचाच नियम.

साहेबांनी अहवाल वाचला आणि बाईंना बसायला खुर्ची दिली. तेव्हा कचेरीत ही मोठी गोष्ट होती.

"बाई, नवा जिल्हा आहे. पहिलीच योजना. जरा समजून घ्या."

"समजलं साहेब. धूर आतच ऱ्हातो."

अहवाल फायलीत गेला. कारखान्याचा माणूस दुरुस्तीला येणार होता, तो काही आला नाही.

एका रविवारी एका बारशाला मी त्याच गावी गेलो होतो. काशीबाईच्या घरावरून जाताना सहज आत डोकावलो, तर बिराजदार बाई चुलीपाशी बसलेल्या, कोपरापर्यंत चिखलात. नळी उपसून त्या वळण रुंद करून लिंपत होत्या. सून माती कालवून देत होती.

मला बघून त्या जरा चपापल्या. "सा घरं झाली, बाकीची ऱ्हायलीत," म्हणाल्या. "दर ऐतवारी यायलेय. तपासनाऱ्यानं हात लावायचा नसतो, ठाव हाय मला."

मी कोणाला सांगितलं नाही.

पुढं वरून फेरतपासणीचा हुकूम आला. बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या ते अर्ज घेऊनच. या चुली मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत, सबब मी त्या तपासू शकत नाही, असं सरळ लिहिलं होतं.

साहेब वैतागले. "अहो, कोणाला कळलंय हे?"

"मला कळलंय."

मग औशाच्या एका मास्तरांना घेऊन मी गेलो. तुकडे पांढरे राहिले. तो निकाल सांगायला मी मुद्दाम उदगीरला गेलो. बाईंची एकच खोली होती, शाळेच्या मागं. त्यांनी निकाल ऐकून घेतला, मान हलवली आणि विचारलं, "काशीबाईच्या सुनंचे डोळे कसे हायेत आता?"

मी बघितले नव्हते. नोंदीत तो रकाना नव्हता.

"कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी रातीला खोकते म्हनायचे. ऱ्हायलं का खोकनं?"

तेही मला माहीत नव्हतं.

"गावातल्या बाया मला मुक्कामाला ऱ्हा म्हनायच्या," मग बाई म्हणाल्या. "दर येळी न्हाई म्हनलं. तपासनीवाल्या बाईनं कसं ऱ्हावं कोनाकडं? आता मी कोनीच न्हाई, तर जाता येतंय."

आणि माझ्यासमोरच उठून त्यांनी पिशवीत एक धुतलेली साडी घडी करून घातली.