बोरकुटे सरांचा समास

बोरकुटे सर डब्यातली भाजीसुद्धा डावीकडे दोन बोटं जागा सोडून भरतात, असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो आहे. किराण्याची यादी असो, रजेचा अर्ज असो की कॉम्प्युटरवरचा कोड, डाव्या बाजूला समास हवाच. कोडमध्ये चार अक्षरांचा.

"सर, स्क्रीनवर समास कशाला?" मी एकदा विचारलं.

"मंग मास्तर शेरा कुठं लिहीन?"

कोणता मास्तर, ते मला कळलं नाही. त्यांचं बरंचसं मला कळत नाही.

मनीषनगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत संत्र्याच्या बागेतले पंप मोबाइलवरून चालवायचं सॉफ्टवेअर बनतं. गिऱ्हाइकांसाठीची माहिती आम्ही कोडमध्येच लिहून ठेवतो. तिच्या आधी एक खूण, शेवटी एक खूण. या दोन खुणांमधला मजकूर उचलून त्याचं माहितीपुस्तक करणारा प्रोग्राम मी नुकताच लिहिला आहे. त्याचा मला फार अभिमान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

मागच्या आठवड्यात नरखेडकडच्या एका बागायतदाराचा फोन आला.

"साहेब, पान बारावर लिहिलं हाय, 'भाऊ, जेवला नसशीन तं आधी जेवून घे.' आम्ही जेवलो. आता मोटर काहून चालू होऊन नाही राहिली?"

मी पान बारा उघडलं. पानभर सरांचा कोड छापलेला आणि मधेमधे, "भाऊ, इथं दमानं." "भाऊ, हे ओळ वाकडी दिसते, पण हात लावू नको, सारं पडन." "भाऊ, घाबरू नको, माहंही तीनदा चुकलं."

माझं डोकं चालेना. हा भाऊ कोण? कंपनीत भाऊ नावाचं कुणी नाही. सरांना सख्खा भाऊ नाही, चार बहिणी आहेत. आणि हे पुस्तकात शिरलं कसं? दोन दिवस मी माझाच प्रोग्राम उलटासुलटा वाचत बसलो. शेवटी कंपनीचे साहेब वैतागले. म्हणाले, "सरांच्या कोडमधली ही बडबड संध्याकाळपर्यंत पुसून टाक. सगळी."

सरांनी ते ऐकलं आणि अर्धा खाल्लेला डबा बंद केला.

"पूस बाप्पा. तुहं काम हाय." मग हळूच, "सारंच पुसशीन?"

मी पुसायला बसलो आणि तेव्हा मला दिसलं. सरांनी शेवटची खूणही समास सोडून लिहिली होती. माझा प्रोग्राम सुरुवातीची खूण कुठेही ओळखायचा, पण शेवटची मात्र ओळीच्या अगदी काठाला असली तरच. त्यामुळे सरांची माहिती कधी संपतच नव्हती. पुढचा कोड आणि कोडातल्या त्यांच्या टिपा, सगळं पुस्तकात जाऊन पडत होतं. चूक माझी होती. एक ओळ बदलली आणि पुस्तक स्वच्छ झालं. पुसायची काही गरज नाही, असं मी साहेबांना जाऊन सांगितलं, माझ्या चुकीसकट.

परत येऊन विचारलं, "सर, हा भाऊ कोण?"

"जो वाचन तो." सर चष्मा पुसत म्हणाले. "बावीस वर्षं झाले, लिहून राहिलो गा. कोणी वाचते का नाही, मले काय मालूम? परवा पहिल्यांदा कोणीतरी जेवलं."

नऊ वर्षं मी त्यांचा कोड रोज चालवत होतो आणि एकही टीप वाचली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी सगळ्या टिपा वाचल्या, पहिल्यापासून. "माहंही तीनदा चुकलं" या टिपेशी थांबलो आणि तिच्या समासात लिहिलं, "वाचलं". चार अक्षरांच्या जागेत आरामात बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी स्क्रीनवरचा माझा शेरा बोट ठेवून दोनदा वाचला. मग डबा उघडला आणि माझ्याकडे सरकवला.

"भाऊ, जेवला नसशीन तं आधी जेवून घे."